अंगणातलं शिसं

आमच्या प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं, तेव्हा त्यात सगळ्यात आधी माझ्या बाबांच्या अंगणातली माती गेली. ती मीच नेली होती, आणि चांगली मिरवत नेली होती.

मी माती तपासायचं काम करत असे. शेतकरी थैल्यांमधून माती आणत. ती वाळवायची, कुटायची, चाळायची आणि तिच्यात काय आहे, काय नाही ते कागदावर लिहून द्यायचं. नवं राज्य नुकतंच झालं होतं आणि आमचं रायपूर एकदम राजधानी होऊन बसलं होतं. शंकर नगरातल्या राहत्या बंगल्यांवर एकेक करून सरकारी खात्यांच्या पाट्या लागत होत्या. जिकडे पाहावं तिकडे मुरुमाचे ट्रक आणि सिमेंटची पोती. त्या धामधुमीत आमच्या बिचाऱ्या प्रयोगशाळेलाही एक यंत्र मंजूर झालं. नमुना पातळ करून ज्योतीत फवारायचा, की त्यात तांबं किती, जस्त किती, शिसं किती ते यंत्र सांगणार. आमचे सर, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, भारी खूष. ते इथलेच, छत्तीसगढी, आमच्याशी हिंदीत बोलत. "अपने-अपने घर की मिट्टी लाओ," ते म्हणाले. "पहले अपना ही घर देखते हैं."

मी ब्राह्मणपाऱ्यात राहायची, सासरी. तिथं अंगण म्हणजे फरशी. म्हणून मी माहेरची माती नेली. बाबा शहराच्या टोकाला, भनपुरीला एकटेच राहत. रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. रिटायर झाल्यावर त्यांनी तिथं दोन खोल्यांचं घर बांधलं आणि मागं भलंमोठं अंगण ठेवलं. आई गेल्यापासून तर ते त्या अंगणातच राहत होते म्हटलं तरी चालेल. वांगी, दोडकी, अंबाडी आणि छत्तीसगढची लाल भाजी, म्हणजे आपला लाल माठ. दर रविवारी मी तिथं जायची, बाबांच्या हातचं जेवायची आणि पिशवीभर लाल भाजी घेऊन यायची. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, चार घरी ती वाटली जायची. असली तजेलदार भाजी बाजारात मिळत नाही असं सगळ्या म्हणायच्या, आणि मी आपली फुगायची.

तर ती माती यंत्रात गेली आणि शिशाचा आकडा जो चढला तो थांबेचना. सरांना वाटलं यंत्र बिघडलं. त्यांनी नळी धुतली, दुसऱ्यांची माती लावली, ती व्यवस्थित. पुन्हा माझी लावली, पुन्हा तेच. सर चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघत राहिले. "मैडम, ये मिट्टी है कि बैटरी?"

मला राग आला. माझा स्वभावच तसा आहे, पटकन पेटते. म्हटलं, सर, घरची माती आहे, माझ्या बापानं हातानं तयार केलेली. त्या दिवशी रविवार नव्हता तरी मी स्कूटी काढली आणि थेट भनपुरी गाठली.

"बाबा, अंगणातली माती कुठून आणली होती?"

बाबा खुशीत आले. मातीचा विषय त्यांच्या आवडीचा. "अवं, घर बांधलं तवा मागं खड्डा होता ना, पाणी साचे. तं त्या भिंतीपल्याड एक शेड होतं, आठवते? ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडायचे तिथं. ते बंद झालं, जागा सपाट करून राहिले होते. म्या म्हटलं, ही माती मले द्या. दोन ट्रॉल्या दिल्या त्यायनं, फुकटात. काळीभोर माती! इकडं कुठं मिळते असली?"

मी कपाळाला हात लावला. वऱ्हाडातल्या माणसाला काळी माती दिसली की झालं, मग तो पुढं काही विचारत नाही. पिवळ्या-तांबड्या मातीच्या या मुलखात सगळा जन्म काढला, पण डोळे अजून आजोबांच्या शेतातले. ती काळी होती बॅटरीच्या भुकटीनं आणि त्यांना वाटलं कसानं.

"काहून? काय झालं?" बाबा विचारू लागले. मी सांगितलं. ते खाटेवर बसले आणि बराच वेळ त्यांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं नाही.

मग एकदोन दिवसांत सगळी उभी भाजी उपटली. फेकायचीही चोरी, गाईला घालता येईना, उकिरड्यावर टाकली तर कुणी उचलून नेईल. शेवटी पोत्यात भरून प्रयोगशाळेत नेली. बाबांचं आणि माझं रक्त तपासून आणलं. डॉक्टर म्हणाले, शिसं आहे, पण घाबरण्याइतकं नाही, भाजी बंद करा. बाबांनी एकदाच विचारलं, "तुझ्या आईले यानंच तं नाही...?" आई हृदयविकारानं गेली होती. मी लगेच "नाही, नाही" म्हटलं. खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं, आणि आजही नाही.

आता पेच होता तो माझ्या धाकट्या भावाचा. तो भोपाळला सरकारी नोकरीत होता. राज्य वेगळं झालं, माणसांची वाटणी झाली आणि त्याच्या नावापुढं रायपूर आलं. दिवाळीनंतर तो बायको आणि दहा महिन्यांची पोट्टी घेऊन बाबांकडेच राहायला येणार होता. पोट्टी रांगत होती आणि हाती लागेल ते तोंडात घालत होती. मी फोनवर त्याला खरं ते सांगितलं. त्यानं पाच मिनिटंसुद्धा विचार केला नाही. "दीदी, पूरा आँगन सिमेंट करवा देते हैं." तो आमच्याशी असाच हिंदीत बोलतो, मराठी कळतं सगळं, पण जीभ वळत नाही.

चूक तर काही नव्हतं त्याचं. लेकराचा बाप तो. मी बाबांना सांगितलं. ते हो म्हणाले, नाही म्हणाले नाहीत, फक्त एवढंच म्हणाले, "मंग मी दिवसभर करू काय?"

तेवढ्यावर मी भावाला परत फोन केला आणि भांडले. दिवाळीपर्यंत थांब म्हटलं. माती सुधारली तर अंगण राहील, नाही सुधारली तर तुझं सिमेंट. तो कसाबसा तयार झाला. हरेलीचा सण, म्हणजे आषाढातली अमावास्या, होऊन गेला होता. त्या वर्षी अधिक महिना होता, म्हणून हातात होते सव्वातीन महिने.

सरांना मी विचारलं, मातीतून शिसं काढता येतं का? ते हसले. म्हणाले, काढायचं म्हणजे सगळी माती खणून न्यायची, आणि ती ठेवणार कुठं? शिसं सडत नाही, उडून जात नाही, मरत नाही. पण त्याला बांधून ठेवता येतं. मातीत ते दोन तऱ्हेनं असतं. एक सैल, पाण्याबरोबर मुळात शिरणारं. दुसरं कशाला तरी चिकटून बसलेलं, जागचं न हलणारं. सैल आहे ते बसवायचं, एवढंच आपल्या हातात. आणि बसवायला काही विलायती औषध लागत नाही, असल्या स्वस्त खनिजांनीच ते होतं. चुना, लोखंडाचा अंश असलेला लाल मुरूम, चिकणमाती, रॉक फॉस्फेट म्हणजे फॉस्फेटच्या दगडाची भुकटी. यातलं कुठलं तुमच्या मातीला मानवतं ते करून बघायचं.

माझी उत्सुकता अशी काही चाळवली म्हणता! इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या मातीचे आकडे लिहीत होते. आता पहिल्यांदाच आकडा बदलता येतो का ते बघायचं होतं.

सुरुवातीलाच घोळ घातला. कुंड्यांऐवजी मी रंगाचे रिकामे डबे आणले. शहरभर रंगकाम चालू, डबे हवे तेवढे. सरांनी ते बघितले आणि डोक्याला हात लावला. "मैडम, पेंट में सीसा होता है. सीसा बाँधने के लिए सीसे का डिब्बा?" मी गुपचूप डबे परत नेले आणि कुंभाराकडून मातीच्या कुंड्या आणल्या.

दुसरा घोळ बाबांनी घातला. फॉस्फेट हवं तर हाडांची भुकटी सगळ्यात सोपी, खतांच्या दुकानात मिळते. बाबा उसळले. "माह्या अंगणात हाडं? तुळस हाये तिथं!" "बाबा, शिसं चालते अन् हाडं चालत नाहीत?" "शिसं मले माहीत नव्हतं. हाडं माहीत हायेत." मग दगडाची भुकटीच घेतली.

मुरूम तर दारातच होता, नव्या रस्त्यासाठी ढीग घातलेला. तो कुटून मी बाबांच्या पिठाच्या चाळणीनं चाळला. नंतर बाबांना नवी चाळणी घेऊन द्यावी लागली. चिकणमातीसाठी छुही घेतली, भिंती पोतायची पांढरी माती. टोपलीत घेऊन एक बाई दारावर यायची. मी ती कुंडीत कालवताना बघून ती पदर तोंडाला लावून हसली. "भाजी ल घलो पोतबे का दीदी?" मी म्हटलं, हव, यावर्षी भाजीच पोतणार आहे.

सगळ्या कुंड्यांत बाबांच्या अंगणातली तीच काळी माती. एक तशीच ठेवली, बाकीच्यांत एकेक खनिज आणि शेवटच्या एकीत चुना, मुरूम, फॉस्फेट तिन्ही. सगळ्यांत लाल भाजी पेरली, कारण पालेभाजी शिसं पटकन उचलते. चुन्याच्या कुंडीत मी घाईनं मूठभर जास्त टाकला, रोपं पिवळी पडून बसली. पुन्हा पेरली. सर म्हणाले, औषध आहे ते, भाजीत मीठ टाकल्यासारखं टाकू नका.

बाबा रोज सकाळी कुंड्यांना मोजून पाणी घालत आणि वहीत लिहून ठेवत. गार्डाची सवय. कुठल्या कुंडीला किती वाजता, किती लोटे, ऊन होतं की ढग. मी आल्याबरोबर वही पुढं करत. कितीतरी दिवसांनी मला त्यांच्या बोलण्यात पूर्वीची ऐट ऐकू आली.

महिन्यानं भाजी कापली, वाळवली, जाळून राख केली, राख आम्लात विरघळवली आणि यंत्राला लावली. तशाच मातीतल्या भाजीत शिसं भरपूर. छुहीनं थोडं कमी. नुसत्या मुरुमानं आणखी थोडं. फॉस्फेट एकटं फार सावकाश काम करत होतं. चुन्यानं चांगलंच कमी. आणि तिन्ही एकत्र होतं त्या कुंडीत आकडा इतका खाली आला की मी दोनदा लावून बघितला. प्रयोगशाळेत मी टाळी वाजवली, चक्क! सर म्हणाले, आता मातीचं एकूण शिसं मोजा. मोजलं. ते जेवढ्याला तेवढंच. कणभर कमी नाही.

बाबांना हे काही केल्या पटेना. "मातीत तेवढंच हाये म्हणते, भाजीत येत नाही म्हणते. मंग गेलं कुठं?"

"गेलं नाही बाबा. बसलं."

ते विचारात पडले. मग एकदम म्हणाले, "हां! सायडिंगले लावलेली वॅगन! भरलेली हाये, पण मेन लाइनवर येत नाही. ब्रेक बांधला, चाकाखाली पाचर ठोकली. मंग तिले कोनी ढकललं तरी हालत नाही." मी म्हटलं, अगदी तसंच. ते इतके खूष झाले की दोनतीन दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांना पाचर समजावून सांगत होते.

मग अंगणाची पाळी. चार वाफे पाडले. धूळ उडू नये म्हणून माती ओली करून, नाकाला फडकं बांधून बाबांनी स्वतः कुदळीनं तिन्ही खनिजं मिसळली. मी मदतीला. पुन्हा लाल भाजी पेरली. तीन वाफे भिंतीच्या बाजूला आणि चौथा मागच्या दारासमोर, कढीपत्त्याच्या झाडाखाली. ते झाड आईनं लावलेलं. भाजी सगळीकडे सारखी उगवली. दिवाळीला महिना राहिला होता.

आणि आकडे आले तेव्हा माझं डोकंच फिरलं. तीन वाफ्यांची भाजी स्वच्छ. चौथ्याची जवळजवळ पहिल्यासारखीच, शिशानं भरलेली.

असं कसं होईल? तीच माती, तीच खनिजं, तेच पाणी. मी जाऊन बाबांना धारेवर धरलं. "तिथं चुना नीट मिसळला नाही तुम्ही. दाराजवळ आलात अन् थकलात, खरं सांगा." ते म्हणाले, "देवाशपथ सारखाच टाकला." वही दाखवली. वहीत चारही वाफे सारखे. मी ऐकलंच नाही, फणफणत राहिले. एखाद्या बॅटरीचा तुकडा गाडलेला असेल म्हणून वाफा खणला. काही नाही. छपराचं पाणी तिथं पडतं का ते बघितलं. ते तर दुसरीकडेच पडत होतं. त्यातच भावानं भोपाळहून फोनवर सांगून सिमेंटची पोती पाठवून दिली. ती पुढच्या ओसरीवर रचून ठेवली. बाबा ओसरीवर बसायचे बंद झाले.

सर मात्र चिडले नाहीत. त्यांना गंमत वाटत होती. "तीन पास, एक फेल, इसका कारण होगा. मिट्टी की खटाई देखी?" मी चौथ्या वाफ्याची माती पाण्यात कालवून आंबटपणा मोजला. चुना घातलेली माती आंबट असायचं कामच नाही. पण ही होती. आता आंबट माती चुना खाऊन टाकते, आणि बांधलेलं शिसं परत सैल सुटतं. म्हणजे कुणीतरी तिथं आंबट ओतत होतं. पण कोण? आणि काय? भिंतीपल्याडून बॅटरीचं आम्ल झिरपतं म्हणावं, तर भिंत तीन वाफ्यांच्या बाजूला, आणि ते तर चांगले. मला दोन रात्री झोप लागली नाही, नुसती तीच चक्रं.

"ताजी मिट्टी लाइए," सर म्हणाले, म्हणून एका बुधवारी मी कामातूनच उठून भनपुरीला गेले. अकरा-साडेअकरा झाले असतील. बाजूच्या बोळातून सरळ मागं आले. बाबा कढीपत्त्याच्या बुंध्याशी उभे होते. हातात स्टीलचा ग्लास. तो त्यांनी हळूहळू बुंध्याशी रिकामा केला. मग ग्लासात पाणी घेऊन विसळला आणि ते पाणीही तिथंच ओतलं. पांढरट ओघळ वाफ्याच्या उतारानं लाल भाजीत शिरला.

ताक!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाबा! हे काय करून राहिले तुम्ही?"

ते दचकले. "काही नाही वं. कढीपत्त्याले ताक टाकतो. पानं चांगली येतात."

हे मलाही माहीत होतं. आपल्याकडे कुणाच्या घरी कढीपत्त्याला ताक घालत नाहीत? माझ्या सासरीही घालतात. म्हणून तर डोक्यात आलं नाही. आणि बाबांचं ताक म्हणजे आंबटढाण, रविवारी तोंड वाकडं करून मी ते प्यायची. "रोज टाकता?"

"रोज. रविवार सोडून. रविवारी तू असते ना."

मला वाटलं, मी ओरडेन म्हणून चोरून टाकतात. आणखीच भडकले. "वहीत काहून नाही लिहिलं मंग? पाण्याचा लोटा न् लोटा लिहिता अन् हे लिहिलं नाही?" ते म्हणाले, "ते काय पाणी हाये? अन् भाजीले कुठं टाकतो, झाडाले टाकतो." मी माती घेतली आणि तशीच निघून आले. वाटेत स्वतःचीच लाज वाटली, पण फिरून गेले नाही.

नुसत्या संशयावर सर थांबणारे नव्हते. दोन कुंड्या घेतल्या, दोन्हींत खनिजं मिसळलेली माती, दोन्हींत लाल भाजी. एकीला पाणी, दुसरीला रोज बाबांचंच ताक, मी डब्यात आणून घालायची. प्रयोगशाळेत वास सुटला, सगळे माझ्यावर हसत. रोपं कोवळी असतानाच कापली, कारण दिवाळी आठवड्यावर आली होती. पाण्याची कुंडी चांगली. ताकाच्या कुंडीत शिसं सैल सुटलेलं. सरांनी टेबलावर थाप मारली. त्यांना भारी आनंद झाला. मलाही झाला, खोटं कशाला बोलू? कोडं सुटल्याचा आनंद वेगळाच असतो. बाबांना हे कसं सांगायचं ते त्या क्षणी माझ्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ भोपाळहून एकटाच आला, घर बघायला आणि सिमेंटवाल्या मिस्त्रीशी बोलायला. मीही सुट्टी टाकून गेले. गुरुवार होता. ओसरीवर पोती, आत आम्ही तिघं. मी कागद मांडून सगळं समजावलं. तीन वाफे पास. चौथा का नापास झाला ते कळलंय. ताक बंद केलं, पुन्हा चुना दिला की तोही बसेल. पालेभाजी लावायची नाही, दोडकी, भेंडी, वांगी लावायची, फळात शिसं फारसं जात नाही. वरून कोऱ्या मातीचा थर द्यायचा, त्यावर गवत. दरवर्षी मी तपासेन.

बाबा मान खाली घालून ऐकत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "म्हणजे पाचर मीच काढून राहिलो होतो."

त्यांनी कागद भावाकडे सरकवले.

"सिमेंट करून टाक," ते भावाला म्हणाले. "लेकरू येऊन राहिलं घरात. माह्या हाताले सवय हाये, उद्या विसरून पुन्हा टाकीन. माहा भरोसा नाही."

तीन महिने कुंड्यांशी झटले ते याच माणसासाठी, आणि तोच स्वतःच्या विरुद्ध साक्ष देत होता. भावानं कागद उलटसुलट केले. मग सहज विचारलं, "लेकिन बाबा, आप अकेले आदमी, इतना मठा बनाते ही क्यों हो कि रोज फेंकना पड़े?"

"फेकत कुठं होतो?" बाबा म्हणाले. "दोन ग्लासांचंच करतो. एक माहा. एक तुझ्या आईचा. तिले जेवणावर लागते ना. कमी करून पाहिलं मी, होत नाही. हात तेवढंच करते. मंग तिचा ग्लास तिच्या झाडाले देतो."

"अन् रविवारी?" मी विचारलं. विचारताना मला उत्तर कळलं होतं.

"रविवारी तू पिते."

वर्षादीडवर्षातले ते सगळे रविवार माझ्यासमोर उभे राहिले. तोंड वाकडं करून, अर्धा ग्लास मागं सारून, "किती आंबट करता हो बाबा" म्हणत मी जो प्यायची तो ग्लास. मला रडू आलं ते थांबवता आलं नाही. भाऊ उठून मागच्या दारात गेला. कढीपत्त्याकडे तोंड करून खूप वेळ उभा होता. परत आला तेव्हा अडखळत, पण मराठीत म्हणाला, "बाबा, राहू द्या अंगण." मग लगेच हिंदीत त्यानं अटीही सांगितल्या. तो माझाच भाऊ. भिंतीकडची पट्टी सिमेंटची होणार, कोऱ्या मातीचा थर हातभर असणार, आणि पोट्टी दोन वर्षांची होईपर्यंत पुढच्या ओसरीवरच खेळणार. बाबा सगळ्याला हव म्हणाले.

जेवायला बसलो. बाबांनी ताक ढवळलं, दोन ग्लास भरले. भाऊ ताक पीत नाही, त्याला लहानपणापासून चालत नाही. एक ग्लास बाबांनी स्वतःच्या ताटाशी ठेवला. दुसरा उचलून सवयीनं मागच्या दाराकडे निघाले आणि उंबऱ्यावर थांबले. तसेच उभे राहिले.

"मंग आता याचं करू काय?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघून नाही, अंगणाकडे बघून.

मी उठले आणि त्यांच्या हातून ग्लास घेतला. रविवार नव्हता. आंबटढाण ताक, घोट घोट करत सगळं प्याले. मग पाणी घालून ग्लास विसळला आणि ते पाणीही पिऊन टाकलं. बाहेर टाकायचं नव्हतं ना.